दोन रक्तांची बैठक

२० नोव्हेंबर

मुलगी सोमवारी दुपारी झाली. वजन दोन किलो नऊशे. काटा शेवटचा कधी तपासला होता, असं मी नर्सला विचारलं. मी कॅलिब्रेशन लॅबमध्ये काम करते. लोकांचे काटे, थर्मामीटर, प्रेशर गेज बरोबर दाखवतात की नाही ते तपासून दाखला देणं हा माझा रोजचा उद्योग आहे. नर्स म्हणाली, "मॅडम, टाके पडलेत तुम्हाला. पडून राहा." हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

आज सकाळी बाळाच्या नाळेभोवती लाली दिसली. डॉ. महेजबीन यांनी रक्त तपासायला पाठवलं. जंतू शिरले की त्यांच्यावर सगळ्यात आधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तात असतात. त्या काही हजार हव्यात. बाळाच्या दीडशे निघाल्या. मी पुन्हा तपासायला लावलं. दुसऱ्यांदा एकशे चाळीस. मशीन बरोबर होतं.

बाळाला काचेपलीकडच्या खोलीत नेलं आहे. विचित्र हे की ती चांगली दिसते. दूध पिते, रडते, जांभई देते. जिथं बिघाड आहे तिथं काहीतरी दिसायला हवं, अशी माझी सवय आहे. इथं काही दिसत नाही.

२४ नोव्हेंबर

नाळेची लाली उतरली. पेशी मात्र वाढत नाहीत. पेशी वाढवणारं एक इंजेक्शन दिलं, त्यानं आकडा दोन दिवस वर गेला आणि परत खाली आला. माझं रक्त तपासलं, ते अगदी व्यवस्थित आहे.

डॉक्टरांना आता कारणाचा अंदाज आला आहे. त्यांनी माझ्या केस पेपरच्या मागे चित्र काढून दाखवलं. बाळाच्या पांढऱ्या पेशींवर एक खूण आहे, ती इंद्रजीतकडून, माझ्या नवऱ्याकडून, आलेली. माझ्या पेशींवर ती खूण नाही. गरोदरपणात माझ्या शरीरानं ती खूण पाहिली, परकी ठरवली आणि तिच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार केल्या. त्या नाळेतून बाळात गेल्या आणि आता बाळाच्या पेशी मारत आहेत. नक्की करायला माझं आणि इंद्रजीतचं रक्त पुण्याला पाठवलं.

मी विचारलं, "म्हणजे मी केलं."

"तुम्ही नाही. तुमच्या शरीरानं."

हा फरक मला समजावून घ्यायचा होता, पण त्यांना राउंड होता.

मग त्यांनी हेच बाहेर दोन्ही घरांना सांगितलं. हे सांगायला नको होतं.

आमचं लग्न घरच्यांच्या मनाविरुद्ध झालं. इंद्रजीत वळसंगचा, मी दुधनीची. आमच्या घरी कानडी बोलतात, त्यांच्या घरी नाही. जात वेगळी. तीन वर्षांपूर्वी दोन्हीकडची माणसं एकाच वाक्यावर अडून बसली होती, की रक्त जुळत नाही. आम्ही दोघांनी त्याला अंधश्रद्धा म्हटलं होतं.

आज सासूबाई, बजाबाई, कॉरिडॉरमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाल्या, "आता तर डाक्टरीन बाईच म्हनतीय की."

माझी आई त्यांच्या समोरच्या बाकावर होती. ती मान डोलावून म्हणाली, "हौदु. आम्ही पण तेच म्हणत होतो."

तीन वर्षांत दोन्ही घरांचं पहिल्यांदा एकमत झालं.

३ डिसेंबर

पुण्याचा रिपोर्ट आला. अंदाज बरोबर होता. माझ्या रक्तातला द्रव इंद्रजीतच्या पेशींवर टाकला की त्या पकडल्या जातात, माझ्या स्वतःच्या पेशींना काही होत नाही. रिपोर्ट नीट लिहिलेला आहे. मी तो चार वेळा वाचला.

सासरे, आप्पा, वळसंगच्या तंटामुक्ती समितीचे बरीच वर्षं अध्यक्ष होते. बांध, पाण्याची पाळी, भिंतीतली खिडकी, एकमेकांच्या शेतात शिरलेली शेळी, यांतलं एकही भांडण त्यांनी पोलीस ठाण्यापर्यंत जाऊ दिलं नाही असं ते सांगतात. रिपोर्ट ऐकल्यावर ते थोडा वेळ मिशीवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "बसवू दोनी पार्ट्यांला."

मला वाटलं थट्टा आहे. दुपारी दुधनीहून माझे मामा शरणप्पा आले, तुरीची खरेदी अर्धी सोडून. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये लिंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. आप्पा मधे. एका बाजूला सासूबाई आणि इंद्रजीत, दुसऱ्या बाजूला मामा, अव्वा म्हणजे माझी आई, आणि मी. डॉक्टरांना "टेक्निकल माहिती" द्यायला बोलावलं. त्या आल्या. का आल्या ते मला कळलं नाही. बहुधा जेवायला निघाल्या होत्या आणि गाडी खुर्च्यांच्या मागे अडकली होती.

"पयली पार्टी कोन?" आप्पांनी सुरुवात केली.

"आईच्या रक्तातल्या अँटीबॉडी," डॉक्टर म्हणाल्या.

"दुसरी?"

"बाळाच्या पेशी. वडिलांसारख्या आहेत म्हणून."

"म्हंजी दुधनी विरुद्ध वळसंग."

"तसं नाही आप्पा."

"मग कसं?"

डॉक्टरांनी खुर्च्यांमागच्या गाडीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "थोडंफार तसंच."

"सुरुवात कुनी केली?"

"तुमच्या पेशी आत आल्या म्हणून सुरुवात झाली की," शरणप्पामामा म्हणाले. "आमची मुलगी तिच्या जागेवर होती."

"आत कुनी बोलिवलं हुतं?" सासूबाई म्हणाल्या.

इंद्रजीतनं खाली पाहिलं. मीही पाहिलं. पार्किंगमधला एक रिक्षावाला जवळ येऊन उभा राहिला.

आप्पांनी हात वर केला. "मागचं उकरायचं न्हाय. डाक्टरीन बाई, समजूत घालायची तर कुनाची घालायची?"

डॉक्टरांनी सांगितलं की कोणाचीच नाही. माझ्या अँटीबॉडी बाळात जितक्या गेल्या तितक्याच आहेत, तिथं नव्या तयार होत नाहीत. त्या हळूहळू झिजतील. दोन-तीन महिने, क्वचित जास्त. त्या संपल्या की पेशी आपोआप वाढतात. तोपर्यंत बाळाला जंतूंपासून जपायचं, आणि ताप आला तर एक क्षणही न थांबता आणायचं, कारण साधा संसर्गही तिला झेपणार नाही.

"म्हंजी कुनी मागं सरायचं न्हाय, कुनी चूक कबूल करायची न्हाय, नुस्ता टाइम जाऊ द्यायचा?"

"हो."

"असलं भांडान म्या आजवर बगितलं न्हाय," आप्पा म्हणाले. आपल्यावाचून मिटणार याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. तरी त्यांनी पिशवीतून टॉवेल, टोपी आणि नारळ काढले. मामांना दिले, मामांकडून घेतले. डॉक्टरांनाही एक टॉवेल मिळाला. शेवटी त्यांनी मला आणि इंद्रजीतला समोरासमोर उभं करून नारळ एकमेकांच्या हातात द्यायला लावला, आणि जाहीर केलं की पहिल्या पार्टीनं दुसऱ्या पार्टीला त्रास दिला, पण मुद्दाम दिला नाही.

मला यात एकच गोष्ट नोंदवायची आहे. पहिली पार्टी मी आहे, हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे.

७ डिसेंबर

घरी आलो. पेशी दोनशेच्या आसपास. आतली खोली बाळाची. दारात जमिनीवर मी पिवळी पट्टी चिकटवली, लॅबमध्ये संवेदनशील उपकरणांभोवती लावतो तशी. पट्टीच्या आत मी आणि इंद्रजीत. बाहेर बाकीचे.

डॉक्टरांनी सांगितलं होतं: हात नीट धुवा, गर्दी टाळा, सर्दी असलेल्यांनी लांब राहा. मी त्यात मास्क आणि हातमोजे घातले. दूध पाजतानाही. दुधातून काही होत नाही, कातडीतून तर नाहीच, असं त्यांनी फोनवर पुन्हा सांगितलं. मला ते माहीत आहे. पण स्रोत माहीत असताना स्रोताच्या आणि वस्तूच्या मधे काहीच ठेवू नये, हे माझ्या प्रशिक्षणात बसत नाही. दूध झालं की मी तिला पाळण्यात ठेवते.

इंद्रजीत म्हणाला, "झोपताना तरी काढ."

"झोपेत माणूस जास्त जवळून श्वास सोडतो," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि दिवा घालवला.

सासूबाई पट्टीच्या पलीकडून म्हणाल्या होत्या, "हातमोजं घालून भाकरी तरी थापतंय का कोन?" भाकरीचा इथं संबंध नव्हता.

२२ डिसेंबर

आज बारसं झालं. बाळाला वगळून.

निम्मं वळसंग आणि दुधनीच्या दोन गाड्या येणार हे ठरलेलं होतं. मी नको म्हटलं. त्यावरून झालेलं भांडण मिटवायला आप्पांनी पुन्हा खुर्च्या मांडायची तयारी केली. तेव्हा मला तोडगा सुचला. दोन्हीकडे बारशात बाळाच्या आधी दगड पाळण्यात घालतात. इंद्रजीतच्या घरी वरवंटा, आमच्याकडे गुंडप्पा नावाचा गोल दगड. त्याला कुंची घालतात, बायका तो पाळण्याखालून घे, वरून दे, करत गाणं म्हणतात. मग बाळ ठेवतात. मी म्हटलं, दगडापाशीच थांबा. दगडाला पेशी नसतात.

हे दोन्ही घरांना ताबडतोब पटलं, याचं मला आश्चर्य वाटलं. मग दगड कोणाचा यावरून दोन दिवस गेले. आमच्या फ्लॅटमध्ये मिक्सर आहे, पाटा-वरवंटा नाही. शेवटी आप्पांनी दोन्ही दगड ठेवायचा निकाल दिला. मी दोन्ही कुकरमध्ये घालून शिट्ट्या काढल्या. अव्वा म्हणाली, "बटाट्यासारखं काय शिजवतीस गं?"

समारंभ खाली सोसायटीच्या हॉलमध्ये. मी वर, दार लावून, बाळाजवळ. इंद्रजीतनं फोन लावून दाखवला. पाळण्यात कुंची घातलेले दोन दगड, दोघांना काजळ. वळसंगची एक म्हातारी वरवंट्याची हनुवटी धरून म्हणाली, "आप्पाच की गं ह्यो सारा." मामांनी गुंडप्पाच्या बाजूला चांदीचा वाळा ठेवला. नणंद संस्कृती सर्दी घेऊन पुण्याहून आली होती. आत्याचा मान म्हणून तिनं वरवंट्याच्या, जिथं कान असावा तिथं, नाव सांगितलं आणि शिंकली. नाव रेवा. मी फोनवरून दगड पुन्हा उकळायला सांगितला.

बाळाला नाव कळवायचं राहिलं, असं आप्पांच्या लक्षात आलं. त्यांनी फोनचा स्पीकर लावून तिला कळवलं. ती झोपली होती.

जेवणं झाल्यावर हॉल रिकामा झाला. इंद्रजीत फोन बंद करायला विसरला. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, वरवंटा मांडीवर. पाय हलवत होत्या आणि कुंचीवर थोपटत होत्या. बराच वेळ. दगडाला थोपटून उपयोग नाही हे सांगणं सोपं होतं. मी फोन बंद केला.

५ जानेवारी

अव्वा आणि सासूबाई रोज पट्टीच्या बाहेर बसतात. दोघींच्या मधे सुपात भुईमुगाच्या शेंगा. सुरुवातीला बोलत नव्हत्या. आता बोलतात. मी बाहेर आले की थांबतात.

आज स्वयंपाकघरातून ऐकू आलं.

"लहानपनी बी अशीच हुती व्हय?"

"पडली तर रडायची नाही. उठून आधी पायरी कशी मोडली ते बघायची."

"मग रडायची कवा?"

अव्वानं एक शेंग फोडली. "बघितलं नाही."

हे बरोबर नाही. मी रडते. प्रसंगी.

१५ जानेवारी

काल दुपारी ताप.

शहरात संक्रांतीची गड्ड्याची यात्रा भरल्यामुळे रस्ते बंद, घरात गावाकडची माणसं, दारात चपलांचा ढीग. सगळे पट्टीबाहेर होते, मी मोजून घेतलं होतं. दूध पाजायला घेतलं तर हातमोज्यातूनही ती गरम लागली. थर्मामीटर लावला: शंभर पूर्णांक सहा. दुसरा लावला: नव्याण्णव पूर्णांक आठ. तिसरा: शंभर पूर्णांक दोन. पहिले दोन मी घरी आणण्याआधी स्वतः तपासले होते. त्यांनी वेगळं दाखवायला नको होतं. मी स्वयंपाकघरात गेले, वाटीत कोमट पाणी घेतलं आणि तिन्ही थर्मामीटर त्यात धरून बसले. कोणता खोटं बोलतोय ते आधी कळायला हवं होतं. पाणी निवत गेलं, मी गरम पाणी घातलं, पुन्हा वाचलं.

किती वेळ ते मला सांगता येत नाही. हे लिहायला मला त्रास होतो, कारण मला वेळ सांगता येतो.

अव्वा दारात येऊन म्हणाली, "काय करतीस?"

"तपासतेय."

"काय?"

मी वाटी दाखवली. अव्वानं वाटी घेऊन सिंकमध्ये ओतली. सासूबाई तोवर पट्टी ओलांडून आत गेल्या होत्या. त्यांनी बाळाला हात लावला नाही. पाळणाच हुकावरून काढून, बाळासकट, दोन्ही हातांत धरून दाराशी उभ्या होत्या. "चला," एवढंच म्हणाल्या.

गड्ड्यामुळे गाडी निघेना. आप्पा रस्त्यावर उतरून, गळ्यात टॉवेल, हातवारे करत आमच्यापुढे चालत गेले. मिठाईचे गाडे, पाळणेवाले, पिपाण्या विकणारे, सगळ्यांना त्यांनी बाजूला केलं. मी मागे बसून पाळण्याची कड धरली होती.

१८ जानेवारी

बाळ पुन्हा काचेपलीकडे. रक्तात जंतू सापडले, औषध लागू पडतंय. डॉक्टर म्हणाल्या, वेळेत आणलंत. मी त्यांना वाटीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तरी वेळेत आणलंत."

घरात चौकशी सुरू झाली. जंतू कोणाचे? दुधनीचे म्हणाले, यात्रेची माणसं वळसंगची होती. वळसंगचे म्हणाले, कडक भाकऱ्यांचं गाठोडं दुधनीहून आलं होतं. संस्कृतीच्या शिंकेची चर्चा झाली. आप्पांनी पिशवी उघडली. मी डॉक्टरांना विचारलं की वरवंट्याचा नमुना घेता येईल का.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हे जंतू," त्या म्हणाल्या, "तिच्या स्वतःच्या कातडीवरचे आहेत. प्रत्येकाच्या असतात. तुमच्या, माझ्या. एरवी काही करत नाहीत. बाहेरून कुणी आणले नाहीत."

"कोनीच न्हाय?" आप्पांनी विचारलं.

"कोणीच नाही."

आप्पांनी पिशवी पुन्हा बंद केली. दोन्ही पार्ट्या निराश झाल्या होत्या. मलाही काय वाटलं ते नीट लिहिता येत नाही. पट्टी, मास्क, मोजे, कुकर, हे सगळं ज्या दिशेनं तोंड करून मांडलं होतं, तिकडून काही आलंच नव्हतं.

तरी मी मास्क काढला नाही. काढण्याइतकं ते कारण नव्हतं.

१९ फेब्रुवारी

महिन्याभरात चार वेळा रक्त तपासलं. तीनशे, पाचशे, नऊशे. आज दोन हजार चारशे. मी पुन्हा तपासायला सांगणार होते, डॉक्टरांनी माझ्या आधीच सांगितलं होतं. दोन हजार साडेतीनशे.

"संपलं," त्या म्हणाल्या. "आता ती बाकी बाळांसारखी. न्या, सगळ्यांना घेऊ द्या."

घरी दोन्ही आज्या कोपरापर्यंत हात धुऊन तयार होत्या. आधी कोणी घ्यायचं हा प्रश्न आप्पांनी सकाळीच निकाली काढला होता. दोघींनी पलंगावर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, आणि बाळ दोन्ही मांड्यांवर एकदम ठेवायचं. डोकं कोणाच्या मांडीवर, यावर अजून बोलणी चालू होती. मामांचा फोन लावून ठेवला होता, त्यांचंही मत घेत होते.

इंद्रजीतनं जमिनीवरची पट्टी नखानं ओढून काढली. मी बाळाला घेऊन पलंगापाशी गेले.

सासूबाईंनी हात पुढे केले, आणि मागे घेतले.

"आदी तू घे," त्या म्हणाल्या.

"माझ्याकडेच आहे."

"धरलीयस. घेतली न्हाईस. तीन म्हैनं बगतीय मी भाईरनं. दूध झालं की ठिवतीस खाली."

मी अव्वाकडे पाहिलं. ती पदराच्या काठाकडे बघत होती. "बस," ती म्हणाली. "मुकवाडा काढ तो."

आप्पा काही बोलणार होते. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

मी दोघींच्या मधे बसले. त्या सरकल्या. हातमोजे काढले, मग मास्क. बाळानं वर पाहिलं. काचेपलीकडच्या खोलीत गेल्यापासून तिनं माझे फक्त डोळे पाहिले होते. नाक, तोंड, हनुवटी तिला नवीन होती. ती एकटक बघत राहिली, मग तिचा खालचा ओठ पुढे आला आणि तिनं मोठ्यांदा भोकाड पसरलं. अनोळखी बाई बघून मुलं रडतात तशी.

"घाल बाई परत," सासूबाई म्हणाल्या. "भ्यालंय लेकरू."

मी मास्क घातला. ती लगेच थांबली. फोनवरून मामा विचारत होते, डोकं कुणीकडं ठेवलं?

मी मास्क नाकाखाली घेतला. तिनं नाक पाहिलं. मग ओठाखाली. मग हनुवटीखाली. माझ्या तोंडावर काहीतरी ओलं होतं, ते तिला दिसलं असावं, कारण ती न रडता त्याच्याकडे बघत होती. मग तिनं मूठ उचलली आणि सरळ माझ्या तोंडात घातली.

हात धुतलेले नव्हते तिचे. मी मूठ काढली नाही.